पवित्र पाणी: तयार कसं होतं, घरी कसं ठेवायचं, कसं वापरायचं

रविवारची मिस्सा, म्हणजे उपासना, संपली की आमच्या कॅथॉलिक चर्चच्या सॅक्रिस्टीच्या, म्हणजे उपासनेच्या तयारीच्या खोलीच्या, दाराशी दोन-चार जण रिकामी बाटली घेऊन उभे असतातच. कुणी नव्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार असतं, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली असते, कुणाच्या मुलाची दहावी असते. मी बरीच वर्षं सॅक्रिस्टीत मदत करते. आल्तारवरची (वेदीवरची) कापडं, मेणबत्त्या, फुलं आणि दारातल्या पात्रातलं पाणी माझ्याकडे असतं, म्हणून पाण्याबद्दलचे प्रश्नही माझ्याकडेच येतात. "काकू, घरीच मीठ टाकून केलं तर चालतं का?" "संपत आलंय, वरून नळाचं घालू का?" "पोटात घ्यायचं का?" "वास यायला लागलाय, ओतू कुठं?" दरवेळी घाईघाईत अर्धवट उत्तर दिलं जातं आणि घरी येऊन मला चुटपुट लागते. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते आहे.

आधी मूळ समजूत पक्की करू. पवित्र पाणी हा चर्चच्या सात संस्कारांपैकी, म्हणजे मुख्य विधींपैकी, एक नाही. ते संस्काराकडे नेणारं चिन्ह आहे आणि त्याची नाळ जुळलेली आहे ती स्नानसंस्काराशी, म्हणजे बाप्तिस्म्याशी. लहानपणी आपल्या कपाळावर ओतलेल्या पाण्याची आठवण म्हणून चर्चच्या दारात पुन्हा पाण्याला हात लावायचा. चर्च त्या पाण्यावर प्रार्थना करते आणि ते वापरणाऱ्या माणसाने त्या प्रार्थनेत विश्वासाने सामील व्हायचं असतं. इतकं ध्यानात राहिलं तर पुढचे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

पाणी आणि भांडं

पाणी खरं हवं. नळाचं, विहिरीचं, आडाचं, पावसाचं, अगदी समुद्राचंही चालतं. गुलाबपाणी, अत्तर घातलेलं पाणी किंवा सरबत चालत नाही. बाजारातली सीलबंद बाटली आणायची काहीएक गरज नाही.

पण पाणी स्वच्छ हवं, आणि इथे आपल्या कोल्हापूरकरांना जास्त काळजी घ्यावी लागते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या महापुराने काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. चहूकडे पाणी आणि घरातले नळ कोरडे. अशा दिवसांत टँकरचं किंवा गढूळ पाणी असेल तर ते आधी सुती कापडाने गाळून घ्यावं, खळखळून उकळावं, झाकून निववावं आणि मगच फादरांपुढे ठेवावं. आशीर्वादाने जंतू मरत नाहीत. हे सांगितलं की काही जणांना वाईट वाटतं, पण यात श्रद्धेला कुठेही उणेपणा नाही. प्रभुभोजनासाठी आपण शिळी, बुरसटलेली भाकर ठेवत नाही, तसंच हे.

भांड्याची गोष्ट मी चुकून शिकले. सुरुवातीच्या काळात पाणी शोभून दिसावं म्हणून मी घरची आजीची पितळेची घागर नेली. चिंचेने घासून लख्ख केली, पाणी भरलं, आशीर्वाद झाला, त्यात मीठही पडलं. चार-पाच दिवसांनी झाकण काढते तो आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेवर हिरवट कडं धरलेलं, आणि पाण्याला तोंडात नाणं धरल्यासारखा वास. आंबट-खारट ठेवलं की पितळ कळकतं हे स्वयंपाकघरात आपल्याला ठाऊक असतं, पण चर्चमध्ये गेल्यावर मी ते विसरले. पितळ-तांब्याचं भांडं वापरायचंच असेल तर आतून कल्हई ताजी हवी आणि पाणी दिवसाच्या आत काढून ठेवायला हवं. त्यापेक्षा स्टीलची झाकणाची बादली उत्तम. साठवायला काचेची बाटली घ्यावी. कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली कितीही विसळली तरी तिच्यात गोडूस वास राहतोच.

मिठाचं प्रकरण

मीठ घालायलाच हवं का? नाही. सध्याच्या रोमन विधीत ते ऐच्छिक आहे, जिथे तशी रूढी आहे तिथे घालतात. जुन्या विधीत मात्र, म्हणजे 1614 साली पोप पाचवे पॉल यांच्या काळात निघालेल्या विधिग्रंथानुसार, मीठ हवंच. त्या विधीत फादर जांभळा स्टोल, म्हणजे कापडी लांब पट्टा, गळ्यात घालतात. आधी मिठावर दुष्टशक्ती घालवण्याची प्रार्थना, मग मिठाचा आशीर्वाद, त्यानंतर पाण्यावर तशाच दोन प्रार्थना, मग क्रूसाच्या आकारात तीन वेळा मीठ पाण्यात सोडायचं आणि शेवटी एक समारोपाची प्रार्थना. लॅटिन मिस्सेचा जुना विधी जिथे अजून चालतो तिथे आजही हाच क्रम आहे.

मिठामागे बायबलमधली एक गोष्ट आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात यरीहो गावचे लोक अलीशा संदेष्ट्याकडे येतात. गाव चांगलं आहे, पण पाणी वाईट आणि जमीन नापीक, असं गाऱ्हाणं सांगतात. अलीशा म्हणतो, नवं भांडं आणा आणि त्यात मीठ घाला. ते मीठ तो झऱ्याच्या उगमात टाकतो आणि पाणी निरोगी होतं. मिठावर म्हणायच्या आजच्या प्रार्थनेतही अलीशाचं नाव येतं. त्या 'नव्या भांड्या'मुळे मी सॅक्रिस्टीत मिठासाठी एक छोटी काचेची वाटी वेगळी ठेवली आहे. ती दुसऱ्या कशाला वापरत नाही.

किती मीठ घालायचं याचं माप विधीत दिलेलं नाही. पाच लिटरला एक चमचा मी पुरेसं मानते. मिठाने पाणी टिकतं हा मात्र गैरसमज. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, तरी त्यात जीवजंतू सुखाने राहतात. मग आपल्या एका चमच्याने काय टिकणार? मीठ बारीक घ्यावं. जाड्या मिठाचे खडे तळाशी बसतात आणि त्यातली माती वर येते. पाकिटातल्या मिठाने पाणी किंचित धुरकट दिसलं तर घाबरू नये. मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात जे मिसळलेलं असतं, त्यामुळे तसं होतं.

आशीर्वाद कसा होतो

हा भाग घरी करता येत नाही. आशीर्वाद धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीवरचे दीक्षित सेवक) देतात. मोबाइलवर आशीर्वादाचा व्हिडिओ लावून समोर बाटली ठेवायची पद्धत मध्यंतरी बरीच पसरली होती. घरी बसून प्रार्थना जरूर करा, पण ते पाणी म्हणजे चर्चचं पवित्र पाणी नव्हे. फादरांना सांगायला संकोच करू नका. मिस्सेच्या आधी दहा मिनिटं पोहोचा आणि बाटली सॅक्रिस्टीत द्या. ऐन मिस्सा सुरू होताना फादरांना गाठू नका, त्या वेळी त्यांच्या डोक्यात प्रवचन असतं.

रविवारच्या मिस्सेत आशीर्वाद असेल तर तो सुरुवातीलाच होतो, पश्चात्तापाच्या प्रार्थनेच्या जागी. स्वागत झालं की फादर आसनाजवळ उभे राहतात, पाण्याचं भांडं त्यांच्यासमोर धरलेलं असतं. ते लोकांना शांतपणे प्रार्थना करायला सांगतात. मग हात जोडून पाण्यावर प्रार्थना म्हणतात. हे पाणी आपल्याला स्नानसंस्काराची आठवण देवो, पापापासून आणि वाइटापासून राखो, असा तिचा आशय. पुनरुत्थानकाळासाठी, म्हणजे ईस्टरपासूनच्या आठवड्यांसाठी, वेगळी प्रार्थना आहे. तीत निर्मिती, तांबडा समुद्र आणि यार्देन नदी यांचा उल्लेख येतो. मीठ असेल तर त्यानंतर मिठावर प्रार्थना, आणि मग फादर ते पाण्यात सोडतात. सोडताना काहीही बोलत नाहीत. मला हा क्षण फार आवडतो. सगळं चर्च गप्प असतं आणि पुढच्या बाकांवर बसलेल्यांना मीठ पाण्यात पडल्याचा बारीकसा आवाज येतो.

मग फादर आधी स्वतःवर, मग सेवकांवर आणि नंतर चर्चभर फिरून लोकांवर पाणी शिंपडतात. त्या वेळी गायन असतं. पुनरुत्थानकाळात मंदिराच्या उजव्या बाजूने वाहणाऱ्या पाण्याचं, यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनावरून आलेलं. एरवी स्तोत्र 51 मधलं, 'एजोबाने मला शुद्ध कर' या अर्थाचं. एजोब म्हणजे बायबलच्या देशातली एक झुडपासारखी वनस्पती. तिच्या जुडीने पाणी शिंपडत. आज धातूची भोकाभोकांची गोळी असलेली दांडी असते. ती हरवली तर तुळशीची किंवा कुठल्याही हिरव्या पानांची जुडी छान चालते. आमच्याकडे एकदा तसं करावं लागलं आणि म्हाताऱ्या बायकांना तेच जास्त आवडलं.

मिस्सेबाहेरही आशीर्वाद देता येतो. 1984 च्या आशीर्वादविधीच्या ग्रंथात त्याचा छोटा क्रम आहे: क्रूसाची खूण, बायबलचा एखादा उतारा, प्रार्थना आणि मग पाणी शिंपडणं. घरच्या कार्यासाठी पाणी हवं असेल तर हाच सोपा मार्ग.

पाण्याचे पैसे द्यायचे नसतात. कुणी पवित्र पाणी म्हणून बाटली विकत असेल तर घेऊ नका. आशीर्वादाची किंमत लावणं चर्चच्या नियमांत पाप आहे.

दारातलं पात्र

हे जे चर्चची देखभाल करतात त्यांच्यासाठी आहे, पण इतरांनीही वाचावं, कारण बोटं सगळ्यांचीच बुडतात.

पात्रात पाणी बोटभर उंचीचंच ठेवा, काठोकाठ भरू नका. दर आठवड्याला पूर्ण रिकामं करा, आतून मऊ घासणीने घासा, उन्हात किंवा निदान कोरड्या फडक्याने पुसून तासभर कोरडं ठेवा, मग ताजं भरा. पालिकेच्या नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं खरं, पण उघड्या भांड्यात ते एक-दोन दिवसांत उडून जातं. पुढे राहतो तो बोटांचा मळ, धूळ आणि मेणाचे कण. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. आरोग्य खात्याचे लोक घरोघर येऊन 'कोरडा दिवस पाळा' सांगतात तेव्हा आपण कूलर आणि कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करतो. चर्चचं पात्र मात्र कुणाला आठवत नाही. मी शनिवार हाच त्याचा कोरडा दिवस ठरवला आहे.

दगडी पात्र असेल तर त्यात मिठाचं पाणी घालू नका. दगडाला पांढरी पपडी धरते आणि काठ भुसभुशीत होतो. आत स्टीलची वाटी बसवून घ्यावी.

2020 मध्ये करोनामुळे सगळीकडची पात्रं रिकामी झाली होती. तेव्हापासून काही चर्चमध्ये बाटलीतून थेंब हातावर पडेल अशी सोय आहे. त्यात कमीपणा काही नाही.

घरी ठेवणं आणि वापरणं

घराच्या दाराशी आतल्या बाजूला, लहान मुलांचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर छोटं पात्र टांगतात. आजरा, चंदगडकडच्या जुन्या कॅथॉलिक घरांत ते हमखास दिसतं. आपल्याकडे बाहेरून आल्यावर पाय धुऊन आत यायची रीत आहे. जुन्या काळी चर्चच्या अंगणातही कारंजं असायचं आणि लोक हात-तोंड धुऊन आत जायचे. घराच्या दारातलं पात्र याच वळणाचं आहे.

उजव्या हाताच्या बोटांची टोकं पाण्यात बुडवा. आधी कपाळ, मग छाती, डावा खांदा, उजवा खांदा, आणि तोंडाने 'पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, आमेन'. चर्चमध्ये शिरताना हे करायचं. बाहेर पडताना केलं तरी हरकत नाही, पण मूळ अर्थ आत येण्याचा आहे. बोटं झटकू नका. झटकलेलं पाणी मागच्याच्या चष्म्यावर जातं.

झोपताना आई मुलाच्या कपाळावर अंगठ्याने छोटा क्रूस काढते, प्रवासाला निघणाऱ्यावर दोन थेंब शिंपडतात, आजाऱ्याच्या उशाशी बाटली ठेवतात. हे सगळं घरच्यांनी करायचंच आहे, त्याला फादर लागत नाहीत. नवं घर, नवी गाडी, ट्रॅक्टर किंवा शेताचा आशीर्वाद मात्र फादरांकडून घ्यावा. ते घरी येतील तेव्हा टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, पाण्याची वाटी आणि हिरव्या पानांची जुडी तयार ठेवा. सगळ्या खोल्यांचे दिवे लावा. फादर खोलीखोलीत जातात आणि बंद दारापाशी अडतात. विजेची उपकरणं आणि स्विचबोर्ड यांच्यापासून पाणी लांब ठेवा, कारण खारं पाणी साध्या पाण्यापेक्षा वीज जास्त वाहून नेतं.

मर्तिकाच्या वेळी शवपेटीवर पाणी शिंपडतात. स्नानसंस्काराच्या पाण्याने जे सुरू झालं त्याची ही शेवटची आठवण. मातीला आलेल्या नातेवाइकांनाही तसं करू दिलं जातं. आमच्या सासूबाईंच्या वेळी शेजारच्या वहिनी, ज्या दर शुक्रवारी न चुकता अंबाबाईला जातात, पुढे येऊन हळूच म्हणाल्या, "मी शिंपडलं तर चालेल का?" मी वाटी त्यांच्या हातात दिली.

शेजारीपाजारी कधी 'तुमच्या चर्चचं तीर्थ' मागतात. प्रेमाने मागतात, प्रेमाने द्यावं, आणि एवढं सांगावं की तीर्थासारखं हे ओंजळीत घेऊन पिण्याची आमच्याकडे रीत नाही. कपाळाला लावतात.

एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट. नवजात बाळ अत्यवस्थ असेल आणि फादर पोहोचत नसतील तर पवित्र पाणी शोधत बसू नका. साधं पाणी चालतं आणि कुणीही स्नानसंस्कार देऊ शकतं. बाळाच्या डोक्यावर पाणी ओतत 'मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने स्नानसंस्कार देतो' असं म्हणायचं. जे चर्चला अभिप्रेत आहे तेच करण्याचा हेतू हवा, बस्स. नंतर फादरांना कळवायचं.

आणि आजारपणात डॉक्टरांचं औषध थांबवून पाण्यावर विसंबू नका. फ्रान्समधल्या लूर्द्सहून कुणी पाणी आणतं, तेही वेगळं समजून घ्या. 1858 मध्ये बर्नादेत या मुलीला तिथे झऱ्याची जागा सापडली, त्या झऱ्याचं ते पाणी. लोक ते श्रद्धेने आणतात, पण धर्मगुरूंनी प्रार्थना केल्याशिवाय ते विधीच्या अर्थाने पवित्र पाणी होत नाही.

वाढवणं, पिणं, टाकणं

बाटलीतलं पाणी कमी झालं तर साधं पाणी मिसळता येतं, पण जुन्या परंपरेचा दंडक असा की मिसळलेलं पाणी उरलेल्या पवित्र पाण्यापेक्षा कमी असावं. माझं मत विचाराल तर वाढवत बसू नये. चर्च लांब नाही, नवं घ्यावं.

पिण्याची मनाई नाही, पण आठवडे साठवलेलं पाणी पोटात घेऊ नका, लहान मुलांना आणि आजाऱ्यांना तर नाहीच. दारातल्या पात्रातलं तर कधीच नाही. पिण्यासाठी हवं असेल तर उकळून निववलेलं पाणी बिनमिठाने आशीर्वादित करून घ्या आणि त्याच दिवशी संपवा.

वास आला, शेवाळ धरलं, तर अपराधी वाटून घेऊ नका. मोरीत किंवा बेसिनमध्ये ओतायचं नाही, मातीत ओतायचं. बिनमिठाचं असेल तर झाडाच्या बुंध्याशी. मीठ असेल तर अंगणाच्या कोपऱ्यात मोकळ्या मातीत, कारण कुंडीतलं रोप खाऱ्या पाण्याने करपतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ते चर्चमध्ये आणून द्यावं. आम्ही आवारातल्या मातीत ओततो.

इतर ख्रिस्ती मंडळींकडे

कोल्हापुरात ख्रिस्ती म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वायल्डर मेमोरियल चर्च येतं. ही प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनची परंपरा. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 19व्या शतकाच्या मध्यावर इथे आले आणि त्यांच्या कामातून ती वाढली. 1970 साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात ती मंडळी सामील झाली. या परंपरेत पाणी आशीर्वादित करून साठवत नाहीत. बाप्तिस्म्याला पाणी असतं, पण साधं, आणि विधी झाला की त्याला वेगळा मान नसतो. 16व्या शतकात प्रोटेस्टंट वेगळे झाले त्या धर्मसुधारणेच्या काळापासूनची ही भूमिका आहे: वस्तूला पवित्र मानण्यात लोक देवाला विसरतील ही काळजी. ती काळजी खोटी नाही, म्हणून त्यांच्या घरी जाताना बाटली पुढे करू नये. प्रार्थनेला सोबत बसावं.

केरळहून आलेली ऑर्थोडॉक्स कुटुंबंही कोल्हापुरात आहेत. पूर्वेकडच्या मंडळींत पाण्याचा मोठा दिवस म्हणजे 6 जानेवारी, प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण. सिरियन परंपरेत त्याला दनहा म्हणतात. ग्रीक आणि रशियन चर्चमध्ये या सणाला (रशियन मंडळींकडे जुन्या पंचांगामुळे तो 19 जानेवारीला येतो) लांबलचक प्रार्थनेनंतर क्रूस तीन वेळा पाण्यात बुडवतात. लोक ते पाणी घरी नेऊन वर्षभर जपतात आणि सकाळी उपाशीपोटी घोटभर घेतात. म्हणजे आपल्याकडे जे करत नाहीत तेच तिथे मुख्य. क्रूसाची खूणही ग्रीक-रशियन मंडळी उजव्या खांद्याकडून डावीकडे करतात.

पवित्र आठवडा

प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, पात्रं रिकामी करून वाळू किंवा काटे भरायची टूम काही ठिकाणी निघाली होती. रोमहून 2000 साली स्पष्ट उत्तर आलं की तसं करायचं नाही. चाळीस दिवसही पाणी हवंच. रिकामं करायचं ते फक्त पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, तीन दिवसांत. गुरुवारी रात्री मिस्सा संपली की मी पात्रं पुसून उलटी घालते. शुक्रवारी लोक सवयीने आत हात घालतात आणि कोरडी बोटं पाहून थबकतात.

शनिवारी रात्री नवा अग्नी, पास्काची मेणबत्ती, मोठी वाचनं, आणि मग पाणी. फादर मेणबत्तीचं टोक पाण्यात उतरवतात, एकदा किंवा तीनदा, आणि सगळे आपल्या स्नानसंस्काराची वचनं पुन्हा देतात. वर्षाचं पाणी घरी न्यायचं ते या रात्री. मी दुपारीच तोटीचं मोठं स्टीलचं पिंप धुऊन, भरून, झाकून ठेवते. तुम्ही येताना रुंद तोंडाची काचेची बाटली आणा, घट्ट झाकणाची, आदल्या दिवशी उन्हात वाळवलेली. झाकणावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा, शाई पाण्याने पसरणार नाही अशी. मध्यरात्रीनंतर पिंपासमोर रांग लागते आणि झोपाळलेली मुलं आईच्या पदराला धरून उभी असतात. तोटी हळू सोडा, खाली फरशी ओली होते.